वरून बटणं, आतून पट्टी

त्या गल्लीत शिंप्यांची चौदा दुकानं होती आणि चौदाही पाट्यांवर एकच मजकूर: सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील. आता सगळ्यांनीच सगळं शिवायचं ठरवलं तर गिऱ्हाइकानं जावं कुणाकडे? ते आपलं पहिलं दिसेल त्या दुकानात शिरायचं. आणि आपल्या धाकट्या शिंप्याचं दुकान पडलं गल्लीच्या पार टोकाला. मेव्हण्यानं त्याच्यासाठी कारखान्यात मशीनवरची जागा बघून ठेवली होती. सोमवारी होकार कळवायचा होता. पण दुकान वडिलांनी उभारलेलं, त्यामुळे त्याच्या तोंडून 'हो' काही निघत नव्हतं.

वडील, म्हणजे थोरले शिंपी, काजं करण्यात साऱ्या गल्लीचे गुरू. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला. सुनेकडून बटणं लावून घ्यायची वेळ आली, तसं त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. मुलानं त्यांच्यासाठी निळ्या रेघांचा शर्ट शिवला. बटणं नुसती शोभेची, आतून वेल्क्रोची पट्टी; एका हातानं दाबलं की काम झालं. म्हातारबुवांनी तो भिरकावलाच.

"खोटी काजं? माझ्या घरात? नेऊन टाक दुकानात!"

तो शर्ट दुकानातल्या फळीवर पडून राहिला आणि शनिवारी घाईगर्दीत निवृत्त मास्तरांच्या पुडक्यात गेला. त्यांचा शर्टही त्याच ताग्यातला, मापही जवळपास तेच. चूक शिंप्याच्या लक्षात आली ती रात्री दुकान बंद करताना. मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

सोमवारी सकाळी मास्तर दारात हजर. अंगात तोच शर्ट.

"मास्तर, चुकलं माझं. तुमचा इथेच आहे, लगेच..."

"तो ठेव तुझ्याकडे." मास्तरांनी आवाज खाली आणला. "हात थरथरतात रे माझे. वर्षभर बटणं लावलेलाच शर्ट डोक्यातून घालतोय. असे आणखी तीन शीव."

शिंप्याला आनंद मावेना. त्यानं खडू घेऊन दारातल्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली: हात न चालणाऱ्यांसाठी खास...

"शहाणाच आहेस!" मास्तर कडाडले. "असं लिहिलंस तर मीसुद्धा पायरी चढणार नाही. कुणाला कळत नाही, म्हणून तर घातला मी."

शिंप्यानं फळा पुसला, बराच वेळ डोकं खाजवलं आणि लिहिलं: ज्याचे कपडे त्याला स्वतःला घालता येतील. मास्तरांनी दोनदा वाचून मान डोलावली.

ते गेल्यावर त्यानं दुकानात राहिलेल्या मास्तरांच्या शर्टाची बटणं उसवून काजांवरच शिवली, आत पट्टी लावली आणि दुपारी तो घेऊन घरी गेला. झालेलं सगळं सांगितलं. थोरल्यांनी शर्ट डाव्या हातानं उलटापालटा केला.

"मास्तर असला घालतो?"

"आणखी तीन मागितलेत."

"काजं वाकडी आहेत. खोटी असली म्हणून काय झालं, काज ते काज."

मग ते शर्ट अंगात घालू लागले. वेळ लागला. सून पुढे झाली, तशी नवऱ्यानं तिला नजरेनंच थांबवलं. शेवटची पट्टी दाबली गेली आणि म्हातारबुवा कोपऱ्यातल्या चपला शोधू लागले. दोन वर्षांत त्या चपलांना कुणी हात लावला नव्हता.

"मेव्हण्याला नाही म्हणून कळव," ते म्हणाले. "आणि चल लवकर. दुकान उघडं टाकून आलास ना?"