दोन बोटांचा सौदा

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच शिल्लक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय लोकांचं पुढच्या बोलण्याकडे लक्षच लागत नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई तिकीट काढायच्या आत विचारते, "हाताला काय झालं गं?" आमच्या जत तालुक्यात पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, हा प्रश्न मात्र येतो. मग मीही उत्तर देते. "तिघं पुण्याला नोकरीला लागलीत, दिवाळीला येत्यात." "बहिणीच्या लग्नात आहेरात दिली." एक उत्तर दोनदा द्यायचं नाही, हा माझा नियम. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही थट्टा सहन होत नाही. मी सुरू झाले की ते उठून जातात.

त्या दिवशी जनावरांच्या बाजारात आम्ही मी वाढवलेला माडग्याळी जातीचा मेंढा विकायला आणला होता. आबांच्या गुडघ्यांत आता बाजारभर उभं राहायचा जोर उरला नव्हता. यापुढे बाजार कोणी करायचा, हा घरातला प्रश्न होता. चुलतभाऊ मल्हार स्वतःला ठरलेलाच समजत होता. मी म्हटलं, मेंढरं मी राखते तर सौदाही मीच करणार. आबा एवढंच म्हणाले, "आज तू कर. जमलं न्हाई तर पुढं मल्हार बघंल."

आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. व्यापारी आणि मालक टॉवेलखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. दोन बोटांची सोनम हे कसं करणार, म्हणून मल्हार सकाळपासून मिशीत हसत होता.

चहाच्या गाड्यावर कराडकडचा एक अनोळखी माणूस माझ्या हाताकडे बघत राहिला. "काय झालं वो ताई?" त्यानं विचारलंच. माझं डोकं आधीच तापलेलं. मी मेंढ्याकडे मान उडवली. "ह्येनं खाल्ली. मक्याची कणसं वाटली त्याला."

चहा संपवून मी परत येईपर्यंत बाजारभर बोभाटा झाला की ज्योतिबाचा, म्हणजे आमच्या आबांचा, मेंढा माणसाची बोटं खातो. हसू नका. दात बघितल्याशिवाय मेंढ्याचं वय कळत नाही, आणि वय कळल्याशिवाय कोणी खांद्यावरचा टॉवेल काढत नाही. आमच्या मेंढ्याच्या तोंडाजवळ हात न्यायला कोणी तयार होईना. तासभर गेला.

"झाली का मस्करी?" मल्हार म्हणाला. "बस आता झाडाखाली. मी बघतो."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्याच जिभेचा. पण झाडाखाली बसायला मी आले नव्हते.

विट्याचे जालिंदरशेठ, बाजारातले मोठे व्यापारी, लांबूनच मेंढा न्याहाळत होते. मी त्यांना हाक मारली. "आवं शेठ, हिकडं या. दोन शिल्लक हायत, ती पण देऊन बघू त्याला!"

पिशवीतला गूळ दोन्ही बोटांना चोळून मी हात सरळ मेंढ्याच्या तोंडात घातला. मेंढ्यानं गूळ चाटूनपुसून खाल्ला आणि आणखी पाहिजे म्हणून मला ढुशी दिली. "बघा," मी म्हणाले, "माझ्यात कायबी गोडी न्हाई त्याला. सगळी गुळात."

लोक खो खो हसले. शेठ पुढे आले, त्यांनी दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि टॉवेल काढला. मग त्यांची नजर मल्हारकडे गेली.

"भाव कुणासंगं बोलायचा?"

मल्हारनं बाही वर सारली.

"माझ्यासंगं," मी म्हणाले.

"आगं पोरी, बोटं कुठनं आणणार तू?"

"तुमची पाच हायत की. आकडा तुमच्या बोटांवरच हाय, मला निस्ती धरायची हायत. त्याला दोन पुरत्यात."

पुन्हा हशा झाला, पण शेठ हसले नाहीत. थोडा विचार करून त्यांनी टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आणि माझ्या तळव्यावर बोटं टेकवून भाव सांगितला. कमी होता. मी त्यांचा हात झटकला. नाही म्हणायला दोन बोटंसुद्धा जास्त होतात. दुसऱ्यांदाही झटकला. तिसऱ्यांदा मी त्यांची मला हवी तेवढी बोटं धरली आणि सोडलीच नाहीत.

"घेतला," म्हणत त्यांनी टॉवेल उचलला.

निघताना ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मस्करी ऱ्हाऊ दे. खरं काय झालं, पोरी?"

माझं नवीन उत्तर तयार होतं. पण गुडघ्यांवर हात टेकत आबा उठले.

"कडबा कुट्टीच्या मशिनीत गेली," ते म्हणाले. "नऊ वर्साची हुती. पेंढी ती सारत हुती. बटण मी दाबलं."

अठरा वर्षांत आबांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. ती सगळी उत्तरं मी जुळवत होते ती आबांच्या देखत खरं बोलायची वेळ येऊ नये म्हणून, आणि त्यांना तर माझी थट्टाच टोचत होती. मला एकदम रडू आलं. भर बाजारात रडले.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मल्हारकडे वळले.

"पुढच्या बाजारापास्नं सौदा हीच करंल," ते म्हणाले. "तू दोरी धर."