गेटवरचं रडणं

ज्या पुढाऱ्यानं कारखान्याला टाळं ठोकून माझ्या नवऱ्याला घरी बसवलं, त्याच्यावरच सिनेमा निघाला, आणि त्याचं काम करायला मिळालं माझ्या मुलाला. मी पोराशी बोलणंच टाकलं. टाळं लागल्यावर नवऱ्यानं अंथरूण धरलं होतं, त्यातून तो उठलाच नाही.

मग पोरगा पायाशी येऊन बसला. "आई, टाळं लागलं त्या दिवशी गेटवर तू होतीस. तो कसा बोलला, दाखव ना."

म्हटलं, बरा सापडला! त्याचं ढोंग जगाला दिसू दे. उठले आणि करून दाखवलं. आधी चष्मा काढायचा, मग खाली बघायचं, गळा दाटल्यासारखं थांबायचं. लोक कुजबुजायला लागले की डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावायचं. डोळा कोरडा ठणठणीत!

"असा नाटकी होता मेला," मी बजावलं. "लोक थुंकले पाहिजेत."

पोरानं आरशासमोर घोटघोट घोटलं. मी भांडी घासता घासता चुका काढायची. "अरे, सावकाश! त्याला कसली घाई? चूल आमची विझायची होती."

सिनेमा लागला. शेजारी माझी जाऊ. तिच्या नवऱ्याची नोकरीही तेव्हाच गेलेली. गेटचा प्रसंग आला. पोरानं चष्मा काढला, खाली बघितलं, थांबला. थेटर चिडीचूप. बोट डोळ्याला लागलं, आणि मागून हुंदके यायला लागले.

"बिचारा," जाऊ नाक ओढत म्हणाली. "त्याचाही नाइलाज असणार गं."

"अगं बये, तुझी पोरं उपाशी झोपली तेव्हा कुठं होता त्याचा नाइलाज?"

"श्श! बघू दे की."

मी मागं वळून बघितलं. एकही तोंड वाकडं झालेलं दिसेना. त्या दिवशी गेटवरही लोक असेच रडले होते. माझा नवराही. घरी येताना उलट मलाच समजावत होता, "साहेबांचा जीव तुटत होता गं."

दिवे लागले. पोरगा गर्दीतून वाट काढत आला, तोंड नुसतं फुललेलं.

"आई, तू दाखवलंस तसंच केलं ना?"

तंतोतंत तसंच केलं होतं. नाव कुठं ठेवणार?

"तसंच केलंस," मी म्हणाले. "पण अरे, तो..."

तेवढ्यात लोकांचा लोंढा आला आणि "साहेब, साहेब" करत पोराला माझ्यासमोरून घेऊन गेला.