नव्याण्णव गोलांची नोंदवही

माझी पाठ निखळलेली आहे, तेव्हा मित्रांनो, मला दोन्ही हातांनी उचला. हं, असं. आता पानं सुटणार नाहीत.

मी क्लेगशॉ टाऊन फुटबॉल क्लबची जुनी नोंदवही. क्लेगशॉ हे इंग्लंडमधल्या लँकाशर परगण्यातलं सूतगिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, गाव राहिलं. क्लब साठ वर्षं व्यावसायिक लीगमध्ये खेळला, बहुतेक खालच्या विभागात, आणि त्या विभागातही खालच्या अंगाला. १९३१ साली मँचेस्टरच्या एका बांधणीवाल्यानं मला शिवलं, हिरवं कापड चढवलं, कोपऱ्यांना लाल चामडं लावलं. खरं तर मला एका गिरणीच्या गोदामासाठी बनवलं होतं. गिरणीनं मागणी रद्द केली, आणि तिथले कारकून क्लिफर्ड ऑर्मरॉड मला क्लबकडे घेऊन आले. सुताच्या गासड्यांऐवजी माझ्या नशिबी गोल आले. मला त्याचं काही वाटलं नाही. वहीला वाटत नाही.

क्लिफर्डसाहेबांनी पट्टीनं सहा रकाने आखले: तारीख, प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, निकाल, गोल कुणाचे, प्रेक्षक किती. एका सामन्याला एक ओळ. जिंकले तरी एकच, बुकलून निघाले तरी एकच. १९३७ साली एका सामन्यानंतर आमचा गोलरक्षक कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून रडत बसला होता. माझ्यात त्या दिवशी ०–७ आहे, आणि प्रेक्षक ४,२१९. रडण्याला रकाना नव्हता.

कौतुक एकदाच झालं. १९५३ साली देशभरच्या चषकस्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत आम्ही पहिल्या विभागातल्या एका बड्या क्लबला हरवलं, २–१. नगराध्यक्षांनी मला हातात धरून छायाचित्र काढून घेतलं. मला उलटं धरलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढच्या फेरीत ०–५. तीही एकच ओळ.

दोन वर्षांनी क्लिफर्डसाहेबांचा हात कापू लागला आणि त्यांची मुलगी हिल्डा माझ्यात लिहू लागली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. अक्षर हुबेहूब बापाचं. ती प्रत्येक सामन्याला जायची, शेवटपर्यंत उभी राहायची, पण टाळी वाजवायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "लिहिणाऱ्याचे हात मोकळे लागतात."

दर सोमवारी शाळा सुटल्यावर ती क्लबच्या कचेरीत येऊन शनिवारचा सामना माझ्यात उतरवायची, आणि दर सोमवारी डेनिस हॅलिवेल तिथं टपकायचा. हा आमचा आघाडीचा खेळाडू. १९५६ साली आला. पळायला बेताचा, पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळायचं.

"किती झाले गं, मास्तरीणबाई?"

"एक्काहत्तर."

"बहात्तर. शनिवारचा दुसरा धर ना."

"तो त्यांच्या बचावपटूच्या डोक्याला लागून आत गेला. पंचांनी स्वयंगोल दिलाय."

"तुझा बाप असता तर माझा लिहिला असता."

"माझा बाप असता तर तुला बूट पुसून आत यायला लावलं असतं. मागं बघ, केवढा चिखल आणलास."

डेनिस मागं बघायचा, हसायचा आणि तसाच उभा राहायचा. त्याला शंभर हवे होते. क्लेगशॉसाठी लीगमध्ये शंभर गोल आजवर कुणी केले नव्हते. देशाच्या संघात त्याला कुणी घेणार नव्हतं, मोठ्या क्लबचं बोलावणं येण्याचं वय उलटून गेलं होतं. शंभर एवढीच गोष्ट त्याच्या आवाक्यातली होती.

५ फेब्रुवारी १९६६ला, मार्लबेक रोव्हर्सच्या मैदानावर, त्यानं शंभरावा मारला. हिल्डानं सोमवारी ओळ लिहिली आणि पानाच्या तळाशी बेरीज मांडली: हॅलिवेल, १००. पुढच्या घरच्या सामन्याआधी बँड वाजला आणि क्लबनं त्याला शेल्फावर ठेवायचं एक घड्याळ दिलं. खाली पितळी पट्टी, त्यावर 'शंभर गोल' कोरलेलं. त्याच सामन्यात डेनिसची मांडी दुखावली आणि तो महिनाभर घरी बसला.

तो घरी असतानाच मार्लबेक रोव्हर्स बुडाला. हंगाम अर्धा टाकून त्या क्लबनं लीग सोडली. आता इथं फुटबॉलवाल्यांची एक रीत आहे, ती ऐका. हंगामाच्या मध्येच एखादा क्लब गेला, तर त्या हंगामातले त्याचे सगळे सामने रद्दबातल होतात. कुणाशीही खेळलेले असोत, ते झालेच नाहीत असं धरायचं. गुण नाहीत, निकाल नाहीत, गोल नाहीत.

लीगचं पत्र आलं. हिल्डानं लाल शाई घेतली, पट्टी ठेवली आणि ५ फेब्रुवारीच्या ओळीवरून मधोमध रेघ मारली. तळाशी लिहिलं: हॅलिवेल, ९९.

डेनिस लंगडत आला. त्या दिवशी त्यानं बूट पुसले होते.

"मी मारलाय तो. चार हजार लोकांनी पाहिलाय."

"दोन हजार आठशे सहा."

"बघ, तुझ्याकडं तेसुद्धा लिहिलंय."

"तेसुद्धा खोडलंय."

"मग ते लोक गेले कुठं? तूही होतीस की तिथं."

"होते," हिल्डा म्हणाली. "चांगला मारलास. डाव्या पायानं. पण सामनाच नाही तर गोल कसा लिहू? नऊ सामने उरलेत. अजून एक मार."

बरा होऊन तो त्यातले सहा खेळला. त्याचा एकही गोल झाला नाही. शेवटच्या घरच्या सामन्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी कर्णधार घ्यायचा, पण त्यानं चेंडू उचलून डेनिसच्या हातात दिला. डेनिसनं चेंडू ठेवला, मागं आला, मारला. चेंडू खांबाला लागला. निकाल ०–०, प्रेक्षक ३,११२. खांबालाही माझ्यात रकाना नाही.

उन्हाळ्यात क्लबनं त्याला मोकळं केलं. त्यानं नळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते घड्याळ दुकानात गिऱ्हाइकांसमोर ठेवलं. परत करा, असं क्लब म्हणाला नाही आणि त्यानंही केलं नाही. मग गावात दोन तट पडले, घड्याळवाले आणि वहीवाले. दारूच्या गुत्त्यात वाद पेटला की कुणीतरी म्हणायचं, "जा, हिल्डाला विचार," आणि वाद तिथंच विझायचा, कारण हिल्डाला विचारायची कुणाची छाती नव्हती. ती आणि डेनिस रस्त्यात भेटले तर हवेबद्दल बोलत. गार आहे आज. हो, गार आहे. असं पंचवीस वर्षं चाललं.

मित्रांनो, त्या पंचवीस वर्षांत मी भरत गेले आणि क्लब रिकामा होत गेला. प्रेक्षकांच्या रकान्यात चार आकड्यांचे तीन झाले. कचेरीचं छत गळू लागलं, माझी खालची पानं फुगली, पाठ सुटली. अध्यक्ष बदलत राहिले. त्यातल्या एकानंही मला उघडलं नाही. एकानं माझ्यावर चहाची किटली ठेवली. त्याचा गोल डाग अजून आहे. शेवटी हिल्डानं मला पिशवीत घालून आपल्या घरी नेलं.

जानेवारी १९९१मध्ये क्लेगशॉ टाऊनच बुडाला. तेवीस सामने झाले होते. लीगनं आम्हाला काढून टाकलं आणि तेवीसही सामने रद्द केले. ज्या क्लबांना आम्ही हरवलं होतं, त्यांच्या वह्यांतूनही आम्ही गेलो. मला बातमी कळली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. टेबलाला जेवढं वाटलं, तेवढंच मला वाटलं.

रविवारी दुपारी डेनिस हिल्डाकडे आला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. हिल्डानं चहा केला, आल्याचा केक कापला. मी दोघांच्या मध्ये उघडी होते, शेजारी लाल शाई.

"खोडणार?" डेनिसनं विचारलं.

"रीत आहे."

"कुणाची? त्यांनी आपल्याला हाकललं. आता त्यांचं काय ऐकायचं?"

"हाकललं म्हणूनच लागू झाली."

डेनिसनं केकचा तुकडा खाल्ला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आज माझा लिही, हिल्डा. शंभरावा. आता कुणी तपासायला येणार नाही."

"माहीत आहे. म्हणूनच नको."

हिल्डानं टाक उचलला. बापासारखाच तिचाही हात आता कापत होता.

"पट्टी दे इकडं," डेनिस म्हणाला. "तुला एवढंही जमायचं नाही. मी धरतो, तू ओढ."

त्यानं पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली. रेघ मारण्याआधी त्यानं ओळ मोठ्यानं वाचली. "घरी. १–१. गोल ग्रिमशॉ." मग पट्टी केसभर खाली सरकवली.

हिल्डा थांबली. "डेनिस, पट्टी खाली आलीये."

"चष्मा घरी राहिला माझा."

"डोळ्यांवर आहे तो."

"मग नंबर वाढला असेल. ओढ तू, शाई वाळतेय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग रेघ ओढली. ती अक्षरांवरून गेली नाही, अक्षरांखालून गेली.

अशा तेवीस ओळी झाल्या. प्रत्येक ओळ तो वाचायचा, पट्टी खाली सरकवायचा आणि ती ओढायची. चष्म्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. रीतीप्रमाणे तेवीसही ओळींना लाल रेघ आहे. आता ती खोडण्याची आहे की अधोरेखनाची, ते तुम्ही ठरवा. काम संपल्यावर हिल्डानं माझी मागची पानं उलटली आणि ५ फेब्रुवारी १९६६वर थांबली. तिथली रेघ मधोमध गेलेली. तिनं टाक पुन्हा शाईत बुडवला.

डेनिसनं हलकेच मला मिटलं. "राहू दे ती," तो म्हणाला. "तुझा हात तेव्हा सरळ होता."

आता मी क्लेगशॉच्या वाचनालयात असते. मला ओल्या भिंतीशी ठेवू नका, माझ्यावर काही ठेवू नका, एवढं तर प्रत्येक जुनी वही मागते. माझं मागणं आणखी एक आहे. पान उलटताना खोडलेली ओळ लागली तर तीही वाचा, मित्रांनो. सामना झालाच नाही असं तिथं लिहिलेलं असेल. पण त्या दुपारी कुणीतरी धावलेलं असतं.