चारचौघांतली दुरुस्ती

"भिमाबाई, एका ओळीत पाच चुका! आधी भाषा शिजवा, मग वरण." एवढं लिहून सुनंदाबाई पाटकरांनी खाली भिमाबाईंचं आजच्या डब्याचं वाक्य दुरुस्त करून जोडलं आणि समाधानानं चहाचा कप उचलला. चहा संपेपर्यंत ग्रुपवर आठ हसरी तोंडं उमटली होती. बाई खूश झाल्या. आपल्या विनोदाला दाद देणारी माणसं सिल्वासात अजून आहेत म्हणायची!

किलवणी नाक्यावरच्या मराठी मंडळाचा तो ग्रुप. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून बाई निवृत्त झाल्या, पण जित्याची खोड! लाल पेन सुटलं आणि हातात मोबाइल आला. कुणाचा वाढदिवस असो की पाणी जाण्याची सूचना, बाई ती शुद्ध करून खाली लावायच्याच. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "चूक दाखवली नाही तर शिकणार कसं?" यात खोटं तरी काय होतं?

पंधरा दिवसांनी मात्र त्यांच्या लक्षात आलं, की दुरुस्त करायला ग्रुपवर काही येतच नाही. जो तो लिहिण्याऐवजी आवाजातच निरोप पाठवायला लागला होता. डबे पुरवणाऱ्या भिमाबाईसुद्धा रोजची भाजी आता बोलूनच सांगत होत्या.

एका सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचा सुकदेव भेटला. खडोलीच्या सूत कारखान्यात पाळीला निघाला होता.

"काय रे, आज भिमाबाईंकडे भाजी कसली? मला मेलं ते ऐकत बसवत नाही."

"मी डबा बंद केला, बाई. पहिले चहाच्या सुट्टीत भाजी वाचायचो अन् नाव टाकायचो. आता त्या बोलतात. मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं? आमची आख्खी लाइन कॅन्टीनलेच जाऊ राहिली."

"मग लिहीत का नाहीत त्या?"

"आता तुमाले काय सांगू, बाई," म्हणत सुकदेव खाली मान घालून निघून गेला.

बाईंना ते लागलं. त्या तशाच भिमाबाईंच्या खोलीवर गेल्या. भिमाबाई भाकऱ्या थापत होत्या. निम्मे डबे भिंतीशी पालथे पडलेले.

"लिहिणं का सोडलंत?" बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"बसा बाई." भिमाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "मले दुसरीतून काढलं व्हतं. सोनीनं, माझ्या पोरीनं, मागच्या साली लिवायले शिकवलं. मी लिवलेलं एवढे लोकं वाचू राहिले, याचंच मले लई कवतिक वाटे. तुमी चूक दाखवली, ती खरीच असन. पण खाली आठ जण हसले ना बाई, त्यातले पाच माझ्या हातचं जेवत व्हते."

"अहो, ते तर माझ्या…" बाई बोलता बोलता थांबल्या. "मी भल्यासाठीच सांगितलं हो."

"हाव ना. मंग शाळेतबी असंच करायच्या का? पोराची वही समद्या वर्गाले दाखवायच्या?"

बाईंनी असं कधीच केलं नव्हतं. त्या मुलाला टेबलाशी बोलवायच्या, वही दोघांच्या मध्ये ठेवायच्या आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगायच्या. शाळेत त्यांचं नाव होतं ते त्यासाठीच. आज त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"चुका दाखवाच तुमी," भिमाबाई म्हणाल्या. "मले शिकायचं हाय. पण इथं येऊन दाखवा. तिथं मी धंदा करते."

"येईन, रोज येईन. पण चारचौघांत केलं ते चारचौघांतच निस्तरलं पाहिजे."

बाईंनी मोबाइल काढला आणि उभ्यानंच ग्रुपवर लिहिलं. भिमाबाईंचा फोन वाजला. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी तो घेतला आणि अक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या.

"भिमा… बाईंना मी… सगळ्यां… समोर हिणवलं. ही माझी… चूक. त्यांनी पुन्हा…"

पुढच्या शब्दापाशी त्या अडल्या. ओठ नुसतेच हलत राहिले.

सुनंदाबाईंच्या जिभेवर तो शब्द आला होता, पण त्यांनी तो सांगितला नाही. तव्यावरची भाकरी करपू लागली होती. पुढे होऊन त्यांनी ती उलटली.