बिनवासाचं लाकूड

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. खोटं नव्हतं ते. पण त्याच नाकावाचून एक दिवस आमच्या कारखान्याचं काम अडेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. सासरे तिथे चाळीस वर्षं लाकडी पेट्या करतायत आणि गेली दहा वर्षं मी त्या पेट्यांना पॉलिश करते. माझा नवरा बँकेत आहे. लाकडाशी त्याचा संबंध खुर्चीत बसण्यापुरता.

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी माझी नणंद आली. तिला सगळे बारकी म्हणतात. चाळिशी उलटली, अंगानंही आता ती बारकी राहिलेली नाही, पण घरात एकदा नाव चिकटलं की चिकटलं. तिनं पिशवीतून प्लास्टिकची दुसरी पिशवी काढली आणि तिच्यातून सासूबाईंची लोकरी शाल.

"बाबा, हिच्यासाठी एक पेटी करून द्या," ती म्हणाली. "अजून आईचा वास येतो हिला. संपू नये म्हणून मी महिन्यातून एकदाच उघडते. पण आता प्लास्टिकचाच वास लागायला लागलाय. थोडे दिवस गेले तर आईचा राहणारच नाही."

बाबांनी शाल दोन्ही हातांत घेतली, तोंडाशी नेली, मोठा श्वास घेतला. त्यांचे डोळे भरून आले. "आहे," ते म्हणाले. बारकीनं मग शाल माझ्यापुढे धरली, पण मी नको म्हटलं. सासूबाईंचं नि माझं रोज दुपारी एकदा वाजायचंच. त्या गेल्यावर ती दुपारची वेळ मला खायला उठायची. वास घेतला असता तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं आणि मला ते नणंदेसमोर करायचं नव्हतं.

बारकी शाल घेऊन परत गेली. पेटी आधी नाकानं उघडते मग हातानं, हे बाबांचं नेहमीचं वाक्य. लोक आमच्याकडे यायचे ते आतून देवदार लावलेल्या सागाच्या पेट्यांसाठी. झाकण उचललं की खोलीभर दरवळायचं, आणि गिऱ्हाईक तिथेच खूश. आता त्याच माणसाला जिला कसलाच वास नाही अशी पेटी करायची होती. शालीला लाकडाचा वास लागला तर केलं-सवरलं मातीत.

त्यांनी त्यांची जुनी पद्धत काढली. काचेच्या रिकाम्या बरण्या घ्यायच्या, एकेका बरणीत एकेका लाकडाच्या ढलप्या घालायच्या, झाकण घट्ट लावून चार दिवस खिडकीत उन्हाला ठेवायच्या. पाचव्या दिवशी उघडून लगेच नाक लावायचं. आजवर हे नाक त्यांचंच असायचं. या वेळी त्यांनी बरणी माझ्यापुढे सरकवली.

"तू सांग. मी काय जन्माला पुरणार आहे? शिकून घे."

मला काय, मूठभर मांस चढलं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलंसुद्धा, बाबा आता मला खरं काम शिकवतायत म्हणून. तो म्हणाला, "छान. मीठ दे."

सागाची बरणी उघडली तर जुन्या चामड्यासारखा, जरा तेलकट वास आला. बाद. शिसवीचा गोडसर. बाद. अक्रोड बराच सभ्य निघाला, पण मागाहून कडवट. शिवणीच्या बरणीत मी तीनदा नाक खुपसलं. काही नाही, नुसती बरणी. "शिवण," मी म्हटलं, आणि बाबांनी फिकट, हलक्या शिवणीच्या फळ्या बाजूला काढल्या.

मग बाकीच्या वस्तू. पितळी बिजागऱ्यांनी हाताला वास लागतो म्हणून झाकण लाकडी खुंट्यांवर फिरवायचं ठरलं. गोंद नको म्हणून कोपरे खाचेत खाच अडकवून जोडायचे आणि तळही खाचांतून सरकवून बसवायचा. पॉलिश फक्त बाहेरून, लाखेचं, तेही पुढे महिनाभर उघड्या खिडकीत वाळवून. आत लावायच्या कापडासाठी मी दुकानात आठ कापडं हुंगली. मखमलीला खळीचा वास, रंगीत सुतीला रंगाचा. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, कापड घ्यायचंय की खायचंय?" मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. शेवटी घरातलीच एक पांढरी सुती चादर निघाली, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिला फक्त उन्हाचा वास होता आणि तो एका दिवसात गेला.

झाकणावर बाबांनी बारीक पानांची वेल कोरली. हात अजून असा की पानाच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात.

पेटी द्यायच्या दिवशी बारकी संध्याकाळी चारला शाल घेऊन यायची होती. त्या दिवशी सकाळी मी कापड बसवायला पेटी उघडली आणि दोन पावलं मागे आले. टर्पेंटाइन! डोळ्यांत पाणी येईल इतकं.

"बाबा, हा तळ कुठल्या फळीचा?"

"शिवण. का?"

"शिवण आहे हो, पण कुठली?"

"मांडणीची, सगळ्यांत खालची. नव्या फळीत मला एक गाठ दिसली, म्हणून तिच्या जागी ही घेतली. चांगली मुरलेली होती. काल रंधा मारून बसवली."

त्या खालच्या फळीवर टर्पेंटाइनचा गळका डबा दहा वर्षं बसलेला होता. फळी रंधून स्वच्छ, पांढरीफटक दिसत होती. वास मात्र पार आतपर्यंत मुरला होता. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या पोरालाही तो कळला असता, आणि बाबा काल दिवसभर त्या फळीवर वाकून होते.

त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"वास येतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला येत नाही?"

ते स्टुलावर बसले. "तो ताप आला होता ना मला, तुझी सासू जायच्या आधी दोन महिने. तेव्हापासून काहीच येत नाही. लाकडाचा नाही, चहाचा नाही. म्हटलं, येईल परत. नाही आला."

आधी मला रागच आला. म्हणजे मला शिकवत वगैरे नव्हते तर, माझं नाक उसनं घेत होते. मग एकदम आठवलं. "आणि त्या दिवशी शाल हुंगलीत ती?"

"मग काय सांगणार होतो तिला? पोर एवढं जपून आणून देते, आणि मी म्हणू, मला नुसती लोकर लागली गालाला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी माया मला या माणसाची कधी वाटली नव्हती. ज्या वासासाठी ते महिनाभर राबत होते, तो त्यांना स्वतःला कधीच मिळणार नव्हता.

"बारकीला बोलू नकोस," ते म्हणाले.

"नाही बोलत. आधी तो तळ काढा."

गोंद नव्हता म्हणून बरं, तळ सरकवून निघाला. गाठ असलेली फळी मी हुंगून दिली, त्यांनी ती तासून, रंधून बसवली. पेटी दुपारभर वाऱ्यावर ठेवली. मी पाच वेळा आत डोकं घालून खात्री केली. साडेतीनला पेटी बिनवासाची होती.

बारकी आली. वेलीवरून तिनं कितीतरी वेळ बोट फिरवलं. मग शाल काढली. "बाबा, ठेवायच्या आधी एकदा तुम्ही घ्या."

बाबांनी शाल उचलली, तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली.

"बारके, मला वास येत नाही गं. दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी खोटं बोललो." मग माझ्याकडे मान करून म्हणाले, "माझं नाक आता हिच्याकडे आहे. तिला दे. ती मला सांगेल."

बारकीनं शाल माझ्या हातात दिली. मी डोळे मिटले. बरण्यांची सवय लागली होती, एकेक वास सुटा करायची.

"केसांचं तेल," मी म्हटलं. "आलं. तापलेली इस्त्री." मी पुन्हा एकदा नाक लावलं. "आणि साग."

"काय?" बाबा म्हणाले.

"साग. आणि लाख. खरं म्हणजे तोच वास सगळ्यात जास्त आहे."

"कसं शक्य आहे?" बारकीनं शाल माझ्याकडून जवळजवळ ओढलीच. तिनं नाक लावलं. "अगं वहिनी, हा तर आईचा वास आहे. लहानपणापासूनचा."

"मी कुठे नाही म्हणते? पण आहे सागाचाच."

रोज संध्याकाळी बाबा कारखान्यातून घरात यायचे तेव्हा सासूबाई दारातच त्यांना अडवायच्या आणि शालीच्या पदरानं त्यांच्या खांद्यांवरचा, मानेवरचा भुसा झटकायच्या. चांगली शाल खराब करता, असं मी म्हटलं म्हणून त्यावरूनही आमचं एकदा वाजलं होतं. मी ते दोघांना सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांना कसला वास येतो, ते त्यांना चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बारकी बराच वेळ शालीत तोंड घालून उभी होती. महिन्यातून एकदाचा नियम ती विसरूनच गेली. मग तिनं पेटी उचलून बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, हा तळ काढा," ती म्हणाली. "सागाचा घाला."

बाबा उठले. सागाच्या ढिगातून त्यांनी एक पातळ फळी ओढली, तिच्यावर दोनदा रंधा मारला आणि ती माझ्या नाकासमोर धरली.

"नीट बघ. हाच का मी?"