तांबं कुठं जातंय

माझं मोजमाप चुकत नाही. तरी सलग तिसऱ्या सकाळी नळीतला रंग फिकाच आला, आणि मालकांचा भाचा दर्मा हसला.

"म्बोक मर्तिनी, आता तरी चष्मा करा."

आमच्याकडे ताईला म्बोक म्हणतात आणि मोठ्या माणसाला मानानं पाक. त्याचे मामा पाक विदार्ता आमच्या गावातले शोभेचे समुद्री मासे परदेशी धाडतात. त्यांच्या आजारी माशांची टाकी चार वर्षं माझ्याकडे आहे. त्या आठवड्यात तिच्यात अठरा मासे होते, सगळ्यांच्या अंगावर पांढरे ठिपके. त्यावर औषध तांब्याचं. लिटरला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम, महिनाभर, रोज तेवढंच. कमी पडलं तर रोग हटत नाही, जास्त झालं तर मासाच जातो. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ नळीत टाकीचं पाणी घेते, तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकते आणि बाहेर उन्हात जाऊन तो रंग, रंगांच्या पट्ट्या छापलेल्या पत्त्याशी ताडून बघते. संध्याकाळी बरोबर भरलेलं तांबं सकाळी निम्मं होत होतं.

"कमी होतंय ना? मग दुप्पट ओत," पाक म्हणाले.

"कुठं जातंय ते कळल्याशिवाय एक थेंब ओतणार नाही."

"मी ओततो की." दर्मानं तांब्याच्या बाटलीला हात घातला.

मी बाटली काढून घेतली आणि कमरेला खोचली. माझं डोकं फिरलं होतं. सिरिंज कशी धरायची हे ज्याला मी शिकवलं, तो मला चष्मा करायला सांगतो.

"लुह, पोरी," पाक थंडपणे म्हणाले, "उद्या आकडा बरोबर आला नाही तर टाकी दर्माकडे."

"उद्या कशाला? आत्ताच बघू."

मी बाह्या सारल्या. या टाकीत वाळू नसते, दगड नसतो, शिंपला नसतो, कारण ते सगळे तांबं पितात. नुसती काच, हवेची नळी, आणि माशांना लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे सहा तुकडे. मी ते एकेक करून बाहेर काढले. पहिले दोन रिकामे होते. तिसरा वाकडा केला तसे त्यातून अंगठ्याएवढे पोवळ्याचे पांढरे खडे फरशीवर पडले. चौथ्यातूनही पडले.

दर्मा काही बोलणार होता, पण मी दाराकडे बघत होते. तिथं माझा बापा बसला होता, कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन. तो रोज माझ्याबरोबर येतो आणि मी जेवायला गेले की टाकी राखतो.

"बापा?"

"मीच टाकले. रोज दोन-तीन." त्यानं मान खाली घातली नाही. "नुसत्या काचेत ठेवलंयस त्यांना. जन्मभर मासे पकडले मी, त्यांना काय लागतं ते मला विचार."

"हे खडे तांबं पितात, बापा. मासे मेले असते."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "दवाखान्यात बावीस दिवस होतो मी. समोर नुसती पांढरी भिंत. तू रोज यायचीस, औषध मोजून द्यायचीस आणि जायचीस."

मी एकोणीस वर्षांची होते. त्याच्या पायांकडे बघवत नव्हतं, म्हणून चमच्याकडे बघायचे. याची मला अजून लाज वाटते.

"म्हातारा उद्यापासून इथं दिसता कामा नये," पाक म्हणाले.

"दिसणार," मी म्हणाले. "पाण्यात हात घालणार नाही, त्याला मी जबाबदार. पण महिना पुरा होईपर्यंत रोज या काचेसमोर बसणार. तुमच्याच होडीवरून, तुमच्याच कॉम्प्रेसरची हवेची नळी तोंडात धरून खोल बुडी मारताना त्याचे पाय गेले. तुम्ही दवाखान्याची पायरीसुद्धा चढला नाहीत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मी बाटली, नळी आणि पत्ता टेबलावर ठेवला. "मग हे घ्या, आणि हा तुमचा भाचा. मोजा तुमचं तुम्ही."

दर्मानं नळी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. टाकीत अठरा मासे कोपऱ्यात दाटीनं उभे होते. पाकांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"दर्मा, खुर्ची आण," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी खडे झाडून काढले, पाइप धुऊन परत सोडले. नळीत नवं पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि दारातल्या उन्हात बापाच्या हातात नळी आणि पत्ता दिला.

"कुठला रंग?"

त्यानं नळी पत्त्यावर सरकवत नीट बघितलं. "पहिल्या पट्टीपेक्षा गडद. दुसऱ्याला मात्र पुरत नाही."

"बरोबर."

जेवढं कमी पडत होतं तेवढं तांबं मी सिरिंजनं मोजून हळूहळू सोडलं. मग हात पुसले आणि बापाच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले.

"म्बोक," दर्मा मागून म्हणाला, "बाकीचं काम पडलंय."

"पडू दे," मी म्हणाले.