एकतीस आणि साठ

मी एक जुना मापक आहे, मित्रांनो. तापमान-आर्द्रता मापक हे माझं भारदस्त नाव; अंगाने मात्र मी काडेपेटीएवढा. माझ्या पडद्यावर दोनच आकडे दिसतात. वरचा ऊब सांगतो, खालचा हवेतला ओलावा. तिसरं काही मला येत नाही आणि येतं असा आवही मी कधी आणला नाही.

कोणत्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती उल्हासनगरच्या एका दुकानाची. चार्जर आणि रिमोटच्या ढिगातून राजसी नावाच्या कॉलेजातल्या मुलीने मला उचललं. शेठजी म्हणाले, "ले जाओ बेटा, एसीवाल्या रूमसाठी एकदम बेस्ट आहे."

"एसीसाठी नाही, सापासाठी हवाय."

"सांपला पण गर्मी-थंडी लागते काय?" शेठजी मागे सरकले आणि त्यांनी मला लांबूनच पिशवीत टाकलं.

पिशवी उघडली ती बदलापूरला, बेलवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तिथे काचेच्या पेटीत लाडू राहत होता. परदेशी जातीचा, रीतसर नोंद केलेला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा गोळा करून बसायचा, म्हणून लाडू. पेटीच्या एका टोकाला, तळाखाली, विजेवर तापणारी पट्टी होती. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. तीही बेताचीच.

पण मला नोकरी लगेच मिळाली नाही. राजसीने बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घेतलं आणि मला त्याच्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडलं. अशा डब्यात ओलावा पंचाहत्तरच भरतो, असं ती तिच्या आजीला सांगत होती. सकाळी डबा उघडला तेव्हा मी बरोबर पंचाहत्तर दाखवत होतो. आजी, म्हणजे घरातली माई, कौतुकाने म्हणाली, "मिठाला जागला गं बाई तुझा मापक!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुशारलो होतो.

लाडूच्या उबेच्या टोकाला एकतीस आणि साठ हे माझे नेहमीचे आकडे. सुरुवातीला राजसी कॉलेजला निघताना आधी मला बघायची, मग आरशात. पुढे आरशाचा नंबर आधी लागू लागला. मग कधी कधी माझा लागतच नसे. तिचे बाबा, पुष्कर, अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. दिवसभर मीटरवरचे काटे बघून ते इतके कंटाळायचे, की घरी भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघायचे नाहीत.

मग एका श्रावणात राजसी कॉलेजच्या शिबिराला बारवी धरणाकडच्या पाड्यावर गेली. तिथे फोन लागत नव्हता. निघण्यापूर्वी तिने लाडूला जेवू घातलं आणि माईला सांगितलं, "फक्त पाणी बदल. बाकी काही करू नकोस." का करायचं नाही, ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी नागपंचमी होती. या दिवशी माई चिरत नाही, तळत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही; नागाला चटका बसतो म्हणून. पाण्याची वाटी ठेवताना तिचा हात पेटीच्या गरम तळाला लागला आणि ती चरकली.

"अरे देवा! आज आपण तवासुद्धा तापवत नाही, आणि या मुक्या जिवाच्या पोटाखाली इस्त्री?"

तिने बटण बंद केलं. हात जोडले. त्या हातांत नुसती माया होती, मित्रांनो, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. बाहेर पावसाची झड लागली होती. माझा वरचा आकडा उतरू लागला आणि खालचा चढू लागला. मला ओरडता येत असतं तर मी अख्खी बेलवली जागी केली असती. पुष्कर दोनदा समोरून गेले, पण मान वळली नाही. लाडू निपचित पडला होता. माईला वाटलं, गारव्याने त्याला बरं वाटतंय. म्हणून पंचमी सरली तरी तिने बटण लावलं नाही.

राजसी परतली तेव्हा लाडूने खाल्लेला उंदीर न पचताच बाहेर टाकला होता. नाकाशी बुडबुडे होते, तोंड उघडं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. चोवीस आणि नव्वद.

"माई! पट्टी कुणी बंद केली?"

"मीच गं... त्याला चटका बसू नये म्हणून," माई म्हणाली.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. फुप्फुसांत सर्दी उतरली होती. वाचेल असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. घरी राजसी कुणाशी बोलत नव्हती. माई जेवत नव्हती. "नागपंचमीलाच माझ्या हातून नाग जाणार," एवढंच ती म्हणायची. पुष्कर मात्र रोज बूट काढण्याआधी मला बघू लागले.

एका सकाळी माई स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. चष्मा पुसून तिने मोठ्याने वाचलं, "एकतीस. साठ." थोड्या वेळाने पुन्हा वाचलं. दारात उभी राहून राजसी ऐकत होती. ती येऊन माईला बिलगली. "तुला कारण न सांगता गेले, माई. चुकले मी." दोघी रडल्या. लाडूला बरं व्हायला बराच काळ लागला, पण ज्या दिवशी त्याने पुन्हा खाल्लं, त्या दिवशी माईही पोटभर जेवली.

आता वयामुळे माझ्या आकड्यांतली एखाददुसरी रेघ उमटायची राहून जाते. फोनला जोडलेला नवा मापक आला, तेव्हा मला काढायचं ठरलं होतं. माई म्हणाली, "तो फोनवाला तुमचा. मला हाच वाचता येतो." मी राहिलो. मित्रांनो, घरातल्या मुक्या जिवावर माया करा, पण त्याला काय हवंय ते आधी विचारा. उत्तर देणारा कोपऱ्यात माझ्यासारखा कुणीतरी असतो. त्याच्याकडे नुसतं बघावं लागतं.

पुढच्या नागपंचमीला घरात दिंडं उकडली. तवा चढला नाही. माई हळदीकुंकू घेऊन पेटीपाशी आली. आधी पट्टीचं बटण चालू असल्याची खात्री केली, मग माझे आकडे वाचले. लाडूला काचेतूनच नमस्कार केला आणि कुंकवाचं बोट माझ्याकडे वळवलं.

"पडद्यावर नको हं," ती स्वतःशीच म्हणाली, "उद्या वाचायचंय." आणि माझ्या कडेला तिने अलगद कुंकू लावलं.